पोळ्यांचा आठवडा

आमच्या घरी दर दोन आठवड्यांनंतर एक पोळ्यांचा आठवडा यायचा. एरवी आम्ही भाकरी खाणारी माणसं. आई-अण्णा दोघंही लातूरजवळच्या औशाकडचे, ज्वारीवर वाढलेले. आईच्या हातची भाकरी अशी फुगायची, की आमच्या काळेवाडीच्या बिल्डिंगमधल्या वरच्या मजल्यावरच्या काकू काहीतरी निमित्त काढून खाली यायच्या आणि एक भाकरी पदराखाली घेऊन परत जायच्या. पण भाकरी थापावी लागते, आणि थापली की ती वाजते. अण्णांची थर्ड शिफ्ट लागली, की ते रात्रभर चाकणला प्रेसवर गाड्यांच्या दारांचे पत्रे ठोकायचे आणि सकाळी घरी येऊन झोपायचे. दोन खोल्यांचं घर. त्यांची उशी आणि आईची शेगडी यांच्यामध्ये फक्त एक फुलाफुलांचा पडदा. म्हणून त्या आठवड्यात भाकरी बंद आणि पोळी सुरू. पोळी आवाज न करता लाटता येते. त्यातही पोळपाट खडखडू नये म्हणून आई त्याच्याखाली दुमडलेलं गोणपाट घालायची.

पोळी ही नुसती सुरुवात. कुकरची शिटी आमच्याकडे होत नसे, ती धरली जायची. आई कुकरपुढे उलथनं घेऊन उभी राहायची आणि शिटी होणार असं वाटलं, की वर ओलं फडकं टाकून उलथन्याच्या टोकानं ती हळूच कलती करायची. वाफ निमूटपणे निघून जायची. डाळ किती शिजली हे तिला शिट्यांवरून नव्हे, फडक्याच्या गरमपणावरून कळायचं. फोडणी टाकली की लगेच झाकण. शेंगदाण्याची चटणी आदल्या आठवड्यातच कुटून ठेवलेली असायची, कारण खलबत्ता त्या दिवसांत कॉटखाली चादरीत गुंडाळून झोपायचा. त्याला अण्णांपेक्षा चांगली झोप मिळायची, असं मी आता म्हणू शकते. नळाखालच्या बादलीत फडकं, दाराच्या बेलची वायर काढलेली, आणि अण्णांचा मोबाइल तांदळाच्या डब्यात. एकदा तो डब्यात वाजला आणि धाकटी पिंकी तांदूळ ओरडतोय म्हणून घाबरून रडायला लागली, तेही तोंडावर हात ठेवून.

मी आणि पिंकी खुणांनीच वाढलो. कानाला हात लावला म्हणजे कुकर बघ. दोन बोटं हलवली म्हणजे दारात कुणीतरी आलंय. नाक दाबलं म्हणजे दूध उतू जातंय. भांडणंसुद्धा खुणांनी व्हायची, आणि ती जास्त जोरात व्हायची, कारण मोठ्यानं ओरडता येत नसल्यामुळे चिमटेच काढावे लागायचे. शाळेत बाई आईला म्हणायच्या, "तुमची वैशाली फार शांत आहे हो." आईला केवढा अभिमान वाटायचा त्याचा! मी शांत नव्हते. मला आवाज कुठे ठेवायचा असतो तेच माहीत नव्हतं.

पुढे पिंपरीच्या एका कॉलेजात मी सिनेमा-पत्रकारितेच्या कोर्सला गेले तेव्हा नातेवाइकांनी अण्णांना वेड्यात काढलं. अण्णा म्हणाले, "पोरगी घरात बोलत न्हाई, तिथं तरी बोलंल." शेवटच्या वर्षाला प्रत्येक जोडीनं एक छोटा सिनेमा करायचा होता. कॉलेजकडे धड कॅमेरा एकच होता आणि जोड्या पुष्कळ. मॅडमनी सांगून टाकलं, की ज्यांचा आराखडा त्यांना पटेल त्यांनाच कॅमेरा मिळेल. बाकीच्यांनी मोबाइलवर काय ते करावं. मला तो कॅमेरा हवा होता. इतकं दुसरं काहीच मी तोवर मागितलं नव्हतं, आणि मागायचं कुणाकडे हेही माहीत नव्हतं.

माझी जोडीदार रेवती. वाकडच्या उंच बिल्डिंगमध्ये राहायची, आई-वडील दोघं ऑफिसात, घरी दिवसभर ती एकटी. बोलायला लागली की थांबायची नाही. आम्ही दोघी एकत्र बसलो की कॅन्टीनवाल्या मामांना वाटायचं, एकीनं दुसरीचा आवाज गिळलाय. आधी आम्ही ठरवलं होतं, की चाकणला जाऊन अण्णांची प्रेस दाखवायची. कंपनीच्या गेटावर आम्ही कॅमेऱ्याचं नाव काढताच वॉचमननं हात जोडले. परतताना बसमध्ये रेवतीनं सहज विचारलं, "रात्रभर एवढ्या धडधडीत काम करून काका दिवसा झोपतात कसे गं?" मी तिला पोळ्यांचा आठवडा सांगितला. तिनं माझ्या दंडाला असं घट्ट धरलं की कंडक्टर बघायला लागला. "अगं वेडे," ती म्हणाली, "सिनेमा तुझ्या घरात आहे!"

आराखड्यासाठी मॅडमची एक पद्धत होती. कागदावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे काय दिसतं ते लिहायचं, उजवीकडे काय ऐकू येतं ते. आम्ही डावी बाजू झोकात भरली: आईचा हात, फडकं, उलथनं, पडद्याची फुलं, पिंकीच्या खुणा. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला, शांतता. मॅडमनी लाल पेनानं तो सगळीकडे खोडला. त्या म्हणाल्या, "शांतता नावाचा आवाज नसतो. तुमच्या घरात कुणी काही बोलत नाही तेव्हा काय काय ऐकू येतं, ते जाऊन ऐका आणि मग लिहा. आणि सोमवारपर्यंत आणा." त्यांनी आम्हाला रेकॉर्डर, लांब वायरीचा माइक आणि हेडफोन दिले. मी आजतागायत इतकं चांगलं वाक्य कुठल्या वर्गात ऐकलेलं नाही, पण तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, रेवती आमच्याकडे आली. अण्णांची थर्ड आदल्या रात्रीच लागली होती. चपला हातात घेऊन ती जिना चढली, कारण मी तिला तसं बजावलं होतं. अण्णा चहा घेत होते. माइक ठेवू का, हे मी त्यांना खुणेनं विचारलं आणि त्यांनी खुणेनंच मान डोलावली. माइकसाठी आमच्याकडे खूण नव्हती, त्यामुळे मी काय विचारलं आणि त्यांना काय समजलं हे देवालाच ठाऊक. ते पडद्याआड जाऊन आडवे झाले. माइक त्यांच्या उशाशी, आणि आम्ही दोघी ओट्याखाली बसून एक-एक कान हेडफोनला लावलेला. आई आमच्याकडे बघून मान हलवत होती. या पोरींना शिकून हे दिवस आले, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

पहिल्यांदा पंख्याची कटकट ऐकू आली. मग खाली रस्त्यावरची रिक्षा, कुठल्यातरी मिक्सरची घरघर, कॉटची फळी कुरकुरली. मी भराभरा लिहून घेत होते. आणि मग अगदी हळू, तोंडानं काढलेला आवाज आला, "ठक्... फस्स... धप्." थोडं थांबून पुन्हा, "ठक्... फस्स... धप्." रेवतीनं डोळे मोठे केले. अण्णा जागे होते आणि तोंडानं प्रेस चालवत होते. बराच वेळ चालवून ते थांबले, एक मोठा उसासा टाकला आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता फोडणी टाकली असंल... झाकण ठेवलं जणू." पुन्हा कूस बदलली. "झोप की रे बाबा आता." मी हेडफोन काढला. समोर आई श्वास रोखून, फडकं धरून कुकरपुढे उभी होती. मला हसू येत होतं आणि रडूही.

संध्याकाळी अण्णांबरोबर भाजी आणायला मीच गेले. गाड्यांच्या गर्दीत, कोथिंबीरवाल्याच्या आरोळीत, मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी वांगी निवडली, मग पिशवी माझ्या हातात दिली आणि चोरी पकडल्यासारखे हसले.

"झोप येईना झालीय मला त्या शांततेत," ते म्हणाले. "गावाकडं आमच्या घराला लागूनच पिठाची गिरणी. तिच्या धडधडीत वाढलो मी. हितं कंपनीत धडधड. बसमधे बघ, ते खड्डे, ते हॉर्न, पोरांची गाणी, अन् मला अशी झोप लागती, की गेटावर ड्रायव्हर हलवून उठवतो. घरी आलो की कान नुसते वाट बघत बसतेत."

"मग आईला सांगितलं का नाही एवढी वर्षं?"

"कसं सांगू माय?" अण्णा चालायचे थांबले. "आमी नवीन आलो तवाची गोष्ट. पहिल्याच थर्डला घरी येऊन पडलो. तू तान्ही, रडायलीस. तर ही तुला घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसली. थंडीचे दिवस. मी उठून बघतो तर दोघी शालीत गुंडाळलेल्या, अन् तिचे ओठ निळे पडलेले. मला म्हणाली, झोप झाली का चांगली? आता तिला काय सांगू, की मी आत जागाच होतो? म्हणलं, झाली. मग रोज तेच. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू आई वांग्यांच्या ढिगामागे उभी होती. "तू बी सांगू नगंस हां."

मी कबूल केलं. त्या रात्री मी उजवी बाजू नव्यानं भरली. पहिल्या अर्ध्या भागात पंखा, कॉट, रिक्षा, आणि अण्णांची तोंडातली प्रेस. नंतरच्या अर्ध्यात तेच घर, तीच माणसं, पण आवाज मोकळे सोडलेले: शिटी, फोडणी, खलबत्ता, भाकरी. आणि शेवटी माणूस झोपलेला. सोमवारी मॅडमनी कागद दोनदा वाचला. विचारलं, "आईला हे माहीत आहे?" मी नाही म्हणाले. "मग आधी ते बघ. ती मनापासून तयार असेल तर सिनेमा आहे, नाहीतर नाही." आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या रजिस्टरवर आमची नावं लिहिली. बुधवारी कॅमेरा मिळणार होता. त्याच शनिवारी अण्णांची थर्ड संपणार होती, आणि पुढची येईपर्यंत कोर्स संपला असता.

मी मोठ्या अडचणीत सापडले. आईला सांगावं तर अण्णांना दिलेला शब्द जाणार आणि तिनं इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट मी एका वाक्यात फुकट घालवणार. न सांगावं तर कॅमेरा घेऊन करायचं काय? आई आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होती त्या शांततेसाठी. नव्या लग्न झालेल्या मुली तिच्याकडे शिकायला यायच्या, थर्ड शिफ्टचा नवरा कसा सांभाळावा म्हणून. मंगळवारी सकाळी, अण्णा पडद्याआड गेल्यावर, मी आडून आडून सुरुवात केली. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, उद्या सिनेमात तू भाकरी थापशील?"

"येड लागलं का तुला?" आई कुजबुजली. "थर्ड हाय त्यांची."

"खोटी खोटी."

"भाकरी खोटी कशी थापतेत गं?"

रेवती रेकॉर्डर जुळवत बसली होती. तिला गप्प बसण्याची सवय नव्हती आणि त्या घरात तिनं फार वेळ सहन केलं होतं. ती अगदी प्रेमानं, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काकू, थापा ना बिनधास्त! काकांना तर आवाजातच झोप येते. शांततेत ते जागेच असतात, आम्ही ऐकलंय."

मी नाक दाबलं, कान पकडला, दोन बोटं हलवली. आमच्याकडे 'गप्प बस' अशी खूण नव्हती, कारण तिची कधी गरजच पडली नव्हती. आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावरूनच तिला सगळं कळलं. कुकरवरचं फडकं तिनं काढलं, पिळलं आणि बाजूला ठेवलं. उलथनं ओट्यावर ठेवलं, म्हणजे आपटलंच. मग पडद्याखालून हात घालून कॉटखालचा खलबत्ता ओढून काढला, चादर भिरकावली, त्यात मूठभर शेंगदाणे आणि लसणाच्या पाकळ्या टाकल्या आणि कुटायला सुरुवात केली. मी आईला असं कुटताना कधी पाहिलं नव्हतं. ओटा हादरत होता. "जागे असतेत व्हय," एक घाव. "जागे!" दुसरा घाव. कुकरनं शिटी दिली. आमच्या घरातली थर्ड शिफ्टची ती पहिली शिटी. पिंकीनं कान झाकून घेतले आणि वरच्या काकू जिन्यात धावत येऊन म्हणाल्या, "काय झालं गं बाई?" आईनं परात ओढली, पीठ घेतलं आणि अशी भाकरी थापायला लागली, की तिच्या बांगड्याही वाजायला लागल्या. मी भिंतीला चिकटून उभी होते. आता पडदा सरकणार, अण्णा बाहेर येणार आणि घरात कधी झालं नाही ते भांडण होणार, असं मला वाटलं.

पडद्यामागून घोरण्याचा आवाज आला.

आईचा हात थांबला. घोरणंही अडखळलं, कॉट कुरकुरली. आईनं परातीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि पुन्हा थापायला लागली. घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा खालच्या पट्टीत. वरच्या काकू दारातच तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आई मात्र हसली नाही. डोळ्यांतून पाणी काढत तिनं घमेलंभर पिठाच्या भाकरी थापल्या. त्या आठवड्याला पुरून उरतील एवढ्या.

अण्णा दुपारी उठले ते ताजेतवाने, चेहरा धुतल्यासारखा. बाहेर आले आणि भाकरीची चवड बघून जागच्या जागी उभे राहिले. आईनं ताट वाढलं आणि ते सरकवून म्हणाली, "जिन्यात बसले होते मी हिला घेऊन."

"ठावं हाय की."

"मग?"

"मग काय. म्हणून तर बोललो न्हाई."

आई भिंतीकडे तोंड करून बसली. आम्हाला कळत नव्हतं, जावं की थांबावं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तो तोंडात न घालता हातातच धरून राहिले. मग आई भिंतीकडेच बघत म्हणाली, "एवढी वर्षं पोळ्या खाल्ल्या मी. मला पोळी उतरत न्हाई घशाखाली."

"मला तरी कुठं उतरती," अण्णा म्हणाले.

आधी आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती वळली तेव्हा हसत होती, मोठ्यानं, तोंड उघडून. आईचं एवढं मोठं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. पिंकी म्हणाली, "मला आवडते पोळी," आणि आम्ही सगळे पुन्हा हसायला लागलो. खूप मोठ्यानं. त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की तुझा सिनेमा आता नाही झाला तरी चालेल का, तर मी हो म्हणाले असते.

पण सिनेमा झाला. बुधवारी कॅमेरा आला आणि आईला राग येईना. रेवती विनवत होती, "काकू, कालच्यासारखं रागवा ना." आई खलबत्ता उचलायची, पडद्याकडे बघायची आणि फिसकन हसायची. शेवटी आम्ही फक्त तिचे हात घेतले. आवाज आदल्या दिवशीचाच वापरला, कारण त्या गडबडीत रेवतीनं रेकॉर्डर बंद केलाच नव्हता. शेवटच्या दृश्यात अण्णांनी उठून चहा मागायचा होता. पण भाकरीची थपथप सुरू झाली आणि ते खरोखरच झोपले. कॅमेरा चालू राहिला. त्यांना उठवायला आमच्यातलं कुणीच तयार होईना. सिनेमा तिथेच संपला. वर्गात दाखवल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "त्या बाईंचा राग खरा आहे. कुठून मिळवलात?" माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, आणि मी सगळं सांगितलं. न थांबता. रेवती बघतच राहिली.

आता मी स्वतः वाकडला राहते. माझेच निम्मे केस पिकलेत. आई-अण्णा माझ्याकडेच असतात. अण्णा रिटायर होऊन जमाना झाला. आमच्या काचा बंद केल्या की घरात चिमणीचाही आवाज येत नाही, आणि दुपारी अण्णांचा डोळा लागत नाही. नुसते कूस बदलत पडतात. मग आई गुडघे धरत उठते, स्वयंपाकघरात जाते, खलबत्ता पुढ्यात ओढते. आम्हा तिघांना चटणी ती किती लागणार? कुटायला काही नसतं. रिकामाच खलबत्ता ती सावकाश, एका लयीत वाजवत बसते, आतून घोरणं ऐकू येईपर्यंत. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा तक्रार केली. मी मिठाईचा पुडा घेऊन खाली गेले आणि माफी मागून आले. आईला मात्र मी त्यातलं काही सांगितलेलं नाही.